एकटीला कशाला जायचंय?

गेल्या अंकात मी शेवटी एक ओळ टाकली होती, की तुम्हाला एकट्याने प्रवासाला जावंसं वाटतं का आणि का वाटतं ते कळवा. त्यावर पत्रं, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप असं मिळून एवढं आलं की महिनाभर रात्री जेवणं आटोपली की मी तेच वाचत बसायचे. बहुतेक आपल्याच भागातलं, जळगाव धुळे नंदुरबार तिन्हीकडचं. आणि सगळं वाचून झाल्यावर लक्षात आलं की कुठे जाऊ, कसं जाऊ हे फार थोड्या जणांनी विचारलंय, बाकीच्यांना अडलंय ते एकाच ठिकाणी, घरी काय सांगू. पाच जणांची पत्रं निवडलीत, नावं कोणाचीच देत नाहीये.

प्रश्न: ताई, माझं वय ४७, अमळनेरला राहते. मिस्टरांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, मुलगी लग्न होऊन नाशिकला, मुलगा पुण्याला जॉबला. माझं माहेर चोपडा तालुक्यात, तापीच्या काठावर. लहानपणी आजोबा सांगायचे की हे पाणी सुरतेला जाऊन समुद्राला मिळतं, तेव्हापासून मला ती जागा बघायचीय जिथे आपली तापी संपते. आणि एकटीनेच बघायचीय, का ते मला नीट सांगता येत नाही. घरी विषय काढला तर मिस्टर म्हणाले, तुला इथे काय कमी आहे? सासूबाई म्हणतात, "आखाजीले मायेरले जास ना, मंग येकलीनी फिराले कसाले जानं?" (आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया.) त्यात सुरत म्हटलं की उधन्याला दोन चुलत दीर, लिंबायतला मावसबहीण, त्यांच्याकडे न उतरता लॉजवर राहिले तर जन्मभर बोलतील. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न आहे असं सांगून जाऊन येऊ का?

उत्तर: नका सांगू. बाकी सगळं नंतर बोलू, पण लग्नाचं कारण सांगून तेवढं जाऊ नका, कारण हे मी स्वतः करून बसलेय.

मी ४३ वर्षांची होते, वडील माघात गेले. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं, दारावर येणाऱ्यांची रीघ, प्रत्येकाला चहा, प्रत्येकाला तेच सांगायचं की कसं झालं, कधी झालं. मी मोठी मुलगी, मी सगळ्यांना सावरत होते आणि मला रडूच आलं नाही. महिना-दीड महिना गेला तरी नाही. मला फक्त एक दिवस अशा जागी बसायचं होतं जिथे मला कोणी ओळखत नाही आणि कोणी "सावर गं" म्हणणार नाही. घरी सांगितलं शाळेचं काम आहे, बाहेरगावी जावं लागेल, आणि जळगाव स्टँडवरून अजिंठ्याच्या बाजूची एसटी पकडली. फर्दापूरच्या टी पॉइंटला उतरून तिथल्या बसने लेण्यांपाशी गेले.

अजिंठा मी त्याआधी पाच वेळा पाहिलेला, पण शाळेच्या सहलीबरोबर, म्हणजे पाचही वेळा मी फक्त पोरं मोजलेली. त्या दिवशी सव्वीस नंबरच्या लेण्यात शिरले आणि तिथेच राहिले. डाव्या भिंतीत बुद्धाची ती आडवी मूर्ती आहे, महापरिनिर्वाणाची, सात मीटरच्या आसपास लांब, उजव्या कुशीवर निजलेला, चेहरा इतका शांत. सगळे त्या चेहऱ्याचेच फोटो काढतात. मी खाली जमिनीवर बसले म्हणून मला त्याच्या मंचाखालची ओळ दिसली, तिथे शिष्य कोरलेत, रडणारे, कोणी मान खाली घातलीय, पायाशी एकाने तर हातावर डोकं टेकलंय, जसा माणूस दवाखान्याच्या बाकावर बसतो ना अगदी तसा. एवढी हजार-दीड हजार वर्षं तो तसाच बसलाय आणि त्याला कोणी सावर म्हणालेलं नाही. तिथे मला रडू आलं. चांगला तासभर.

पण इकडे दुपारी सासूबाई बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. मला फोन केला तर तो पर्समध्ये सायलेंटवर. मग यांनी शाळेत फोन लावला तर तिथून सांगितलं, मॅडम आज रजेवर आहेत. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा सासूबाईंच्या हाताला प्लास्टर होतं आणि हे एक शब्द बोलले नाहीत. हात दीड महिन्यात जुळला. पण पुढे दोन वर्षं तरी मी "आज शाळेत उशीर होईल" म्हटलं की यांचा चेहरा क्षणभर थांबायचा, तेवढंच, बोलायचे काही नाहीत. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की त्या लेण्यात काय झालं ते मी यांना कित्येक वर्षं सांगूच शकले नाही, कारण घरात त्या दिवसाला एकच नाव पडलं होतं, खोटं बोलून गेली तो दिवस. खरं सांगितलं असतं तर ते बहुतेक म्हणाले असते, जा. मी विचारलंच नव्हतं.

आता तुमचं. मिस्टर म्हणाले तुला काय कमी आहे, यात ते वाईट नाही बोलले. आपल्या घरांमध्ये बाईने "मला एकटीला जायचंय" म्हटलं की समोरच्याला "तुम्ही नकोत" एवढंच ऐकू येतं. आपल्याकडे बाईचा प्रवास कायम दुसऱ्याच्या कारणाने झालाय, आखाजीला भाऊ घ्यायला यायचा, लग्न, बाळंतपण, कोणाच्या दारावर जाणं, मुलाची अ‍ॅडमिशन. सासूबाईंचं म्हणणं पण त्यातूनच आलंय, माहेर हीच त्यांना माहीत असलेली मोकळी जागा. म्हणून एकटी हा शब्द थोडा बाजूला ठेवा आणि मला जे लिहिलंत तेच मिस्टरांना सांगा, आजोबांसकट, की हे पाणी कुठे जातं ते मला बघायचंय. रात्री दुकान बंद करून आले, जेवण झालं, की निवांत सांगा. हे तुमचं कारण लहान वाटतंय म्हणून तुम्ही लग्न शोधताय, पण मला ते मुळीच लहान वाटलं नाही. तापी मुलताईला उगम पावते, तिथून ७२४ किलोमीटर वाहते, हतनूर, मग तुमच्या माहेरचा काठ, मग प्रकाशा, उकाई, आणि सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. त्यातला मधला एक तुकडा तुम्ही अख्खं बालपण पाहिलाय. त्याचा शेवट बघावासा वाटणं याला आणखी कुठलं कारण जोडायची गरज नाही.

एकटीनेच का, हे नाही सांगता येत तर नका सांगू. मला विचाराल तर सोबत कोणी असलं की आपण त्याचा चहा बघतो, त्याचा कंटाळा बघतो, झालं का बघून, निघायचं का, असं चालू होतं, आणि तुम्हाला बहुतेक तिथे बसून आजोबांशी थोडं बोलायचंय.

जायचं कसं ते सोपं आहे, अमळनेरहून सुरतची गाडी थेट आहे, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली करत चार-पाच तासांत जाल. दिवसाची गाडी घ्या. नवापूर आलं की खिडकीतून नीट बघा, ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये आहे, एकाच बाकाच्या मधून राज्याची हद्द जाते आणि तसं त्या बाकावर लिहिलंय. सुरतहून डुमसला शहराच्या बसने नाहीतर रिक्षाने जाता येतं, वीसेक किलोमीटर. तिथली वाळू काळी आहे, आणि खंबातच्या आखाताची भरती-ओहोटी फार मोठी असते, ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की समुद्र कुठे गेला असं वाटतं, आणि परत येतं ते भराभर. म्हणून भरतीची वेळ आधी विचारून घ्या, ओल्या वाळूत लांब चालत जाऊ नका आणि उजेड असतानाच परत फिरा. पलीकडे हजिरा दिसेल, त्याच्या आणि डुमसच्या मधून तापी समुद्रात जाते. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मदिवस असतो, सुरतला नदीला मोठी चुनरी वाहतात, पण पहिल्या खेपेला पावसाळा आणि गर्दी दोन्ही टाळा, दिवाळीनंतर जा.

आणि नातेवाईक. त्यांना लपवून गेलात तर कोणीतरी स्टेशनवर भेटणारच, अर्धा खान्देश उधन्याला राहतो. आदल्या दिवशी स्वतः फोन करा आणि सांगा, मी येतेय, दोन दिवस माझे मी फिरणार, लॉजवर उतरणार, तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला तुमच्याकडे. बिबड्या आणि कळण्याचं पीठ घेऊन जा. थोडं बोलतील, बोलू द्या. वेळ देऊन, हातात काही घेऊन घरी आलेल्या बाईवर फार दिवस कोणी रुसून राहत नाही.

प्रश्न: मी धुळ्याचा, वय २४. मित्रांचा तोरणमाळचा ग्रुप दोन वर्षांपासून आहे, नाव बदलतात, डीपी बदलतात, पण निघत कोणी नाही. आता एकटाच जायचा विचार आहे. खरं सांगायचं तर स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा राहिलो, थोड्या मार्कांनी, घरी अजून बोललो नाहीये. हे पळून जाणं झालं का?

उत्तर: घरी न सांगता गेलास तर हो. तोरणमाळला तुला यशवंत तलाव दिसणारच नाही रे, बाबांचा फोन येईल का हेच डोक्यात राहील. आधी सांग. एक संध्याकाळ वाईट जाईल, आई रडेल, बाबा कदाचित काहीच बोलणार नाहीत, ते जास्त अवघड असतं मला माहितीये. मग दोन दिवसांनी म्हण, मी तोरणमाळला जाऊन येतो, डोकं शांत करायला, आणि ते अगदी खरं कारण असेल आणि त्यांनाही कळेल. चार दिवस कोणालाही तोंड न दाखवावंसं वाटणं यात लाज कसली, तीन वर्षं घासलीयेस तू.

धुळ्याहून शहादा आणि तिथून तोरणमाळची गाडी. पोचल्या पोचल्या ड्रायव्हरलाच परतीची वेळ विचारून ठेव, ती चुकली तर तिथे दुसरी सोय पटकन होत नाही. सीताखाई वरून बघ, एकटा खाली उतरू नकोस. भर पावसात घाटात धुकं आणि दरडी, तेव्हा पाऊस ओसरल्यावर जा, सातपुडा तेव्हाच सगळ्यात हिरवा असतो. महाशिवरात्रीला गोरखनाथाची मोठी यात्रा भरते, शांतता हवी असेल तर ते दिवस सोडून. आणि पाड्यांवरच्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस, त्यांचं ते घर आहे. नेटवर्क मिळेलच असं नाही, हे घरी आधीच सांगून जा, नाहीतर तुझे बाबा रात्री शहाद्याला येऊन उभे राहतील.

प्रश्न: आम्ही भुसावळचे, मिस्टर रेल्वेत आहेत. मुलगी २२ वर्षांची, इतिहासात एमए करतेय, तिला एकटीने भोपाळ, सांची, भीमबेटका करायचंय. मी म्हटलं कॉलेजबरोबर जा, तर म्हणते तिथे कोणी बघूच देत नाही. मुलगी हुशार आहे, विश्वास आहे, पण ताई, ती गाडीत बसली की मला झोप नाही लागणार. काय करू?

उत्तर: झोप नाही लागणार, हे खरंय. माझ्या मुलीच्या वेळी मला पण नाही लागली, आणि यावर काही उपाय आहे असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण काळजी वाटते म्हणून जाऊ नको आणि काळजी वाटते म्हणून हे एवढं करून जा, यात फरक आहे, आणि तुमच्या घरात तर रेल्वेच आहे.

भुसावळहून भोपाळ थेट गाडी, खंडवा इटारसी करत. तिकीट असं काढा की ती सकाळी किंवा दुपारी उतरेल, अनोळखी गावात पहिल्यांदा पाय ठेवायचा तो उजेडात, बाकी सगळे नियम याच्या नंतर. लांब पल्ल्याच्या गाड्यांत स्लीपरला बायकांसाठी वेगळा कोटा असतो, एकटी प्रवास करत असली तरी मिळतो, मिस्टर सांगतील. रेल्वेची मदत १३९, बाकी कुठेही ११२, दोन्ही तिच्या फोनमध्ये सेव्ह असू देत आणि पाठही असू देत. आणखी एक गोष्ट जी खूप बायकांना माहीत नसते. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम, त्याचाही नंबर १३९ आहे म्हणून लक्षात राहतं. त्यात असं आहे की बाई पुरुष सोबतीशिवाय प्रवास करत असेल आणि तिकिटाचा काही घोळ झाला, दंड भरला नाही, तरी तिला वाटेल त्या स्टेशनवर उतरवता येत नाही. ती जिथून चढली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण इथेच, आणि तेही दिवसाच. रात्री दोन वाजता कोणी आडगावी उतर म्हणालं तर तिने हे सांगायचं आणि १३९ लावायचा.

लॉजचं नाव-पत्ता घरी फ्रीजवर लावून जाऊ दे. सांचीला भोपाळहून सकाळी जाऊन संध्याकाळपर्यंत आरामात परत येता येतं, भीमबेटका दुसऱ्या बाजूला, त्यामुळे दोन वेगळे दिवस ठेवायला सांगा, मुक्काम भोपाळलाच, रोज सामान हलवायचं नाही. आणि फोनचं आधी ठरवा, सकाळी आठ आणि रात्री आठ, बास. दिवसभर लाइव्ह लोकेशन मागू नका. मी मागितलं होतं, आणि तो निळा ठिपका दहा मिनिटं एका जागी थांबला की माझा जीव जायचा, आणि पोरगी तिथे बसून नुसतं पोहे खात असायची.

तुमच्या पत्रात शेवटी एक वाक्य होतं जे मी वर छापलं नाही, की मलाही तिच्या वयात सांची बघायचं होतं, पुस्तकात चित्र होतं. हे तिला सांगितलंय का तुम्ही? तिच्याबरोबर जायचं म्हणून नाही, नुसतं सांगा. तिला कळलं पाहिजे की आईच्या नाही म्हणण्यामागे हेही आहे.

प्रश्न: कामानिमित्त मी कायम एकटा फिरतो, पण हॉटेलात एकट्याने जेवायला बसायची अजून लाज वाटते. बिस्किटं खाऊन दिवस काढतो. (नंदुरबारहून एक वाचक)

उत्तर: बिस्किटांवर नका राहू हो, पोट बिघडतं. रात्रीच्या जेवणापासून सुरुवात करू नका, सकाळच्या नाश्त्यापासून करा, सकाळी टपरीवर सगळेच एकटे असतात. मग दुपारी, गर्दीच्या थोडं आधी, साडेअकरा-बाराला, भिंतीकडे पाठ करून बसता येईल असं टेबल बघा. फोन काढू नका, तव्याकडे बघा. शेवभाजीची फुल प्लेट एकट्याला संपत नाही, हाफ मागा, बहुतेक ढाब्यांवर देतात, शेव वेगळी मागून घ्या म्हणजे भिजून गाळ होत नाही. वाढणाऱ्याला नाव विचारा, दुसऱ्या खेपेला तो तुम्हाला ओळखेल आणि मग तुम्ही तिथे एकटे नसाल.

प्रश्न: ताई, मी चाळीसगावचा, वय ६८. एसटीत कंडक्टर होतो, ३३ वर्षं नोकरी. आयुष्यभर गाडीत, पण खिडकीत बसून प्रवास असा केलाच नाही. रिटायर झालो की जोडीने काशी करायची असं आमचं ठरलेलं. मग कोरोना, मग हिचे गुडघे, आणि गेल्या श्रावणात ही गेली. आता मला जायचंय. मुलं म्हणतात टूरबरोबर जा, एकटे नको. भावकीतले म्हणतात जोडीशिवाय कसली काशी. मलाही रात्री वाटतं, तिला सोडून एकट्याने जाणं बरोबर आहे का? तिचं काही सोबत न्यावं का?

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं.

जोडीशिवाय कसली काशी म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा. आज लोक काशीत विश्वेश्वराच्या ज्या देवळापुढे हात जोडतात ते १७८० च्या सुमाराला अहिल्याबाई होळकरांनी बांधलं. त्यांचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात गेले होते. त्यानंतर सासरे गेले, मुलगा गेला. काशीचं देऊळ ज्या बाईने उभं केलं ती एकटी होती, आणि तिचं पुण्य अर्धं धरलं गेलं असं मी तरी कुठे ऐकलेलं नाही.

बरोबर आहे का, याचं उत्तर मी नाही देऊ शकत, पण वर मी अजिंठ्याचं लिहिलंय ना, त्यावरून एक सांगते. घरात राहून तुम्ही मुलांसाठी धीर धरताय, मुलं तुमच्यासाठी धीर धरतायत, आणि सगळे एकमेकांना सांभाळत तिचं नाव टाळतायत. टूरबरोबर गेलात तर पंचवीस माणसं, सकाळी पाचला चहा, सातला बस, अंताक्षरी, पुन्हा तेच, चेहरा नीट ठेवायचा. टूर वाईट असते असं नाही, पण तुमचं जाण्याचं कारण तिथे कुठे बसणार? तुम्हाला घाटावर बसून तिच्याशी बोलायचंय, तासभर म्हणा, दोन तास म्हणा, आणि मध्येच कोणी शिट्टी मारून गाडीकडे बोलवायला नको. मुलांना हेच सांगा, याच शब्दांत. तब्येतीचं वगैरे पुढे करून नुसतं "मला नाही आवडत टूर" म्हणू नका, त्यांना वाटेल बाबा हट्टाला पेटलेत.

आणि मुलांची भीती पण खरी आहे, तिचं काहीतरी करू. आधी एक छोटी खेप करा, प्रकाशाला. आपल्याकडे त्याला दक्षिण काशी म्हणतातच, तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं देऊळ. चाळीसगाव, धुळे, शहादा, एक रात्र शहाद्याला मुक्काम. एसटीच्या सवलती मी तुम्हाला काय सांगणार, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे २०२२ पासून मोफत, बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं, यातलं पहिलं तर तुम्हीच हाताने फाडलेलं असेल. या वेळी मात्र कंडक्टरशी ओळख काढून पुढे गप्पा मारत उभे राहू नका, सीटवर बसा. दोन दिवस एकट्याने झोपणं, गोळ्या वेळेवर घेणं, जेवणाचं बघणं जमतंय का ते तुम्हाला कळेल आणि मुलांनाही दिसेल. नाही जमलं तर धाकट्याला म्हणा चल काशीपर्यंत, घाटावर मला एकट्याला सोड, तू फिरून ये. तेही चालेल.

जमलं तर मग भुसावळहून वाराणसीच्या थेट गाड्या आहेत, इटारसी, जबलपूर, सतना, प्रयागराज करत, जवळजवळ एक अख्खा दिवस लागतो. रेल्वेतली ज्येष्ठांची भाड्याची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती धरू नका. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं, तेव्हा तारीख मुलाकडून फोनवर मोजून घ्या. श्रावण आणि महाशिवरात्र टाळा, कार्तिक पौर्णिमेला, तिथल्या देवदिवाळीला, घाटांवर पाय ठेवायला जागा नसते, तीही टाळा, फेब्रुवारीअखेर थंडी ओसरते तेव्हा बरं. गोळ्यांची चिठ्ठी खिशात, आधारची झेरॉक्स पिशवीत, मुलाचा नंबर कागदावर लिहून, फोनची बॅटरी संपते. नावेवाल्याशी भाडं बसायच्या आधी ठरवा. संध्याकाळची दशाश्वमेधची आरती गर्दीत उभं राहून बघण्यापेक्षा पहाटे एखाद्या निवांत घाटावर जाऊन बसा, तिथे त्या वेळी बोलता येईल.

तिचं काही न्यावं का विचारलंत. न्या. एकच न्या पण, जे खिशात मावेल आणि तिच्या रोजच्या वापरातलं होतं. पत्रात तुम्ही लिहिलंय की तिच्या चष्म्याची डबी अजून फळीवर आहे, ती न्या. गंगेत सोडायची की परत आणायची हे इथे बसून ठरवू नका.

आणि तिकीट काढताना वय नीट टाका. ६० च्या पुढचे पुरुष एकटे किंवा दोघे असले तर त्यांचा खालच्या बर्थचा कोटा वेगळा असतो, ४५ च्या पुढच्या बायकांना पण तोच, रिकामी असली की मिळते. खालची मिळाली की दिवसा खिडकी तुमचीच.